तीन वाजेपर्यंत

"आई, थेट दवाखान्यात नको जायला. तीन वाजेपर्यंत आपण जरा शहर बघू," सुदर्शन म्हणाला आणि माझ्या हातातली ट्रॉली त्यानं स्वतःकडं ओढून घेतली.

लास व्हेगासच्या विमानतळावर, सामान येतं त्या फिरत्या पट्ट्याजवळ आम्ही उभे होतो. सकाळचे साडेनऊ झाले होते. भिंतीकडेनं जुगाराची यंत्रं ओळीनं मांडलेली होती आणि बॅगा यायच्या आतच माणसं त्यांच्यापुढं स्टुलावर बसत होती. यंत्रांचं किणकिणणं क्षणभर थांबत नव्हतं. सव्वीस तासांच्या प्रवासानं माझे पाय सुजले होते, कानांत दडे बसले होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"शहर बघायला आलेय का मी? पद्मजा कुठं आहे?"

"तिला काल ठेवून घेतलंय. तपासायला. तीनला भेटू देतील."

"प्रेशर वाढलंय?"

"नाही."

"पायांवर सूज?"

"थोडीशी."

"बाळाचे ठोके?"

माझी बॅग पट्ट्यावरून पुढं निघून चालली होती. तो तिच्यामागं धावला. बॅग उचलून परत आला तेव्हा मी पुन्हा तेच विचारलं, तर म्हणाला, "डॉक्टर सांगतील ना, आई. मला त्यातलं काय कळतंय?"

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. पद्मजा माझी एकुलती एक मुलगी. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले. तिला नववा लागून पंधरा दिवस झाले होते आणि मी तिच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या तयारीनं आले होते. शिरोळ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. दोन-अडीच हजार बाळंतपणं केली असतील. सुदर्शनसुद्धा माझ्याच हातावर जन्मलेला. त्याची आई शेजारच्या गावची. म्हणून तर जावई असूनही मी त्याला अरे-तुरे करते. असल्या बाईला कुणी 'डॉक्टर सांगतील' म्हणालं, की तिला समजायला पाहिजे होतं. मला समजलं नाही. किंवा मी समजून घेतलं नाही.

बाहेर आले तर गार वाऱ्यानं गाल भाजल्यासारखे झाले. पद्मजानं महिनाभर फोनवर मला पढवून ठेवलं होतं. 'आई, वाळवंट म्हणून नुसत्या सुती साड्या भरू नकोस. हिवाळ्यात पहाटे इथं पाणी गोठतं. ऊन लख्ख पडतं, पण त्याला ऊब नसते. नाकात तूप लावत जा, नाहीतर घोळणा फुटेल. आणि गाडीच्या दाराला हात लावलास की चटका बसेल, घाबरू नकोस. हवा कोरडी असते म्हणून होतं तसं.' तो चटका बसला. मी हात झटकला आणि हसले. सुदर्शन हसला नाही.

"ती मला म्हणालेली, कारंजी मीच दाखवणार म्हणून," गाडीत बसल्यावर मी म्हणाले. "बाळाला घेऊन जाऊ आपण तिघी-चौघं, तू सुदर्शनबरोबर आधी जायचं नाहीस."

"आता चालेल तिला," तो म्हणाला. त्याची नजर रस्त्यावर होती.

शहराच्या चारी बाजूंनी झाड नसलेले तांबूस डोंगर होते. लांबच्या एका रांगेवर बर्फ पडलेलं दिसत होतं. मधोमध सपाटीवर ही हॉटेलं. एक काळ्या काचेचा पिरॅमिड, एक पॅरिसचा मनोरा, एक परीच्या गोष्टीतला किल्ला. सुदर्शन एकेकाचं नाव सांगत होता, किती खोल्या आहेत ते सांगत होता, शाळेतल्या पोरानं पाठ केलेला धडा म्हणावा तसा. मी हं, हं म्हणत होते. मनातल्या मनात मी पद्मजाची लक्षणं जुळवून बघत होते. प्रेशर नाही, सूज थोडी, मग ठेवून कशाला घेतलं? पाणी कमी झालं असेल. कदाचित बाळ आडवं असेल. आडवं असलं तर सिझर करतील, त्यात काय एवढं.

तो ज्या हॉटेलात वातानुकूलनाचा इंजिनीअर होता तिथं त्यानं मला आधी नेलं. आत पाऊल टाकलं आणि सकाळ संपली. छताला निळं आभाळ रंगवलेलं, त्यात पांढरे ढग. खाली शेकडो यंत्रं लुकलुकत होती. सिगारेटचा वास आणि त्यावर मारलेल्या अत्तराचा वास. माझ्यापेक्षा वयानं मोठी एक बाई नाकाला प्राणवायूची नळी लावून एका यंत्रासमोर बसली होती आणि एकाच लयीत बटण दाबत होती.

"इथं कुठं खिडकी नसते, आई. घड्याळ पण नसतं. बाहेर किती वाजलेत ते माणसाला कळू नये म्हणून," सुदर्शन म्हणाला.

आणि स्वतः दर पाच मिनिटांनी खिशातून फोन काढत होता. फोन थरथरला की माझ्याकडं पाठ करून बघायचा. एकदा बघून झाल्यावर त्यानं तो तसाच छातीशी धरून ठेवला होता. मी विचारलं, "तिचा आहे का? काय म्हणते?" तर म्हणाला, "नाही, कामावरचा."

बारा वाजून गेल्यावर आम्ही कारंज्यांपाशी आलो. मोठं तळं, त्याच्या कडेनं दगडी कठडा, आणि दर अर्ध्या तासानं गाण्याच्या तालावर पाणी उडायचं. नाताळ होऊन दोन-तीन दिवस झालेले, माणसांची ही गर्दी. वाऱ्यावर पाण्याचे तुषार येऊन तोंडावर सुयांसारखे टोचत होते.

एक तरुण जोडपं आमच्याजवळ आलं. बाबागाडीत दीड-दोन महिन्यांचं बाळ, लोकरीत इतकं गुंडाळलेलं की नाकाचा शेंडाच तेवढा दिसत होता. फोटो काढता का असं विचारून त्या बाईनं आपला फोन सुदर्शनच्या हातात दिला. बाळाला उचलून तिनं गालाशी धरलं. नवरा तिच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. सुदर्शननं फोन डोळ्यांसमोर धरला. धरला तो धरलाच. ती दोघं हसून हसून थांबली, पाणी वर गेलं, खाली आलं, तरी त्याचं बोट हलेना. फोनमधल्या त्या बाळावरच त्याची नजर खिळली होती.

मी त्याच्या हातातून फोन घेतला, त्या बाईला परत दिला आणि मान झुकवली. ती दोघं बावरून निघून गेली.

सुदर्शन कठड्याला टेकून उभा होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

"कधी गेलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "काल सकाळी हालचाल जाणवत नाही म्हणाली. म्हणून गेलो. ठोके सापडले नाहीत. नाळेचा वेढा बसला होता म्हणतात." मग म्हणाला, "आज पहाटे साडेपाचला झाली. मुलगी."

"पद्मजा कशी आहे?"

"बरी आहे. रक्त फार गेलं नाही."

मला रडू आलं नाही. एकतीस वर्षांची सवय. असल्या वेळी माझे हात गार पडतात आणि डोकं कामाला लागतं. मी विचारलं, वार पूर्ण पडली का, टाके आहेत का, ताप आहे का. त्यानं जमेल तशी उत्तरं दिली. मग मला त्या पोराची दया आली. सकाळपासून बिचारा तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून मला गावभर फिरवत होता.

"बरं, आता सांगून झालं ना? चल, आत्ताच्या आत्ता निघू."

"तीनला, आई."

"अरे मी तिची आई आहे! भेटायच्या वेळा दुसऱ्यांना. तिथल्या सिस्टरना मी सांगते मी कोण आहे ते."

"तेच तर," तो म्हणाला. मग म्हणाला, "तीन वाजता जाऊ. तुमच्या पाया पडतो."

आणि तो खरोखरच वाकला. त्या एवढ्या गर्दीत, पाण्याच्या तुषारात, माझ्या बुटांना हात लावून तो तसाच वाकून राहिला. मी त्याला खांद्याला धरून उठवलं.

मला वाटलं, तिला झोपेचं इंजेक्शन दिलं असेल. मला वाटलं, तिथले नियम असतील. पर्समध्ये घरून आणलेल्या दशम्या उरल्या होत्या. एक काढून मी त्याच्यापुढं धरली. एक घास त्यानं तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ चघळत राहिला. त्यानंतर तीन कारंजी झाली.

तीनला पाच कमी असताना आम्ही दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आलो. बोळातून एक सिस्टर समोरून येत होती. तिच्यापुढं चाकांवरचा छोटा पाळणा होता, त्याच्यावर पांढरं कापड पूर्ण ओढलेलं. सुदर्शन थांबला. मी थांबले नाही. मला पद्मजाची खोली गाठायची होती.

ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. केस कुणीतरी विंचरून वेणी घातली होती. डोळे सुजलेले, पण कोरडे होते.

"आलीस, आई," ती म्हणाली.

मी तिचं डोकं छातीशी धरलं. तिच्या अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता. तेव्हा मात्र मी रडले. ती रडली नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू मीच आजारी होते. मग मी डोळे पुसले, तिची नाडी बघितली, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते बघितलं.

"बघितलं नाहीस ना?" मी विचारलं.

तिनं मांडीवरची चादर सारखी केली. "नाही."

"शहाणी गं माझी बाई. बघायचं नसतं. बघितलं की जन्मभर डोळ्यांसमोर राहतं."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोलले असेन त्याला हिशेब नाही. आम्हाला शिकवलंच तसं होतं. मेलेलं मूल जन्मलं की आईचं तोंड भिंतीकडं वळवायचं, मूल कापडात गुंडाळायचं आणि मागच्या दारानं घरच्या पुरुषाच्या हातात द्यायचं. जितकं लवकर, तितकं बरं. बाई ओरडेल, शिव्या देईल, पण विसरेल. पुढच्या वर्षी पुन्हा येईल, हसत येईल. माझा यावर विश्वास होता. मी ते मायेनं करत होते.

तिसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या दफनभूमीत गेलो. तिथं लहान मुलांसाठी वेगळी जागा होती, गवत थंडीनं पिवळं पडलेलं. जेमतेम दीड हाताची पांढरी पेटी होती. तिथल्या माणसानं सुदर्शनला हळू आवाजात काहीतरी विचारलं. सुदर्शननं पद्मजाकडं बघितलं आणि पद्मजानं माझ्याकडं.

"उघडू का, विचारतायत. शेवटचं," ती म्हणाली.

मी मान हलवली. नको.

पेटी खाली गेली. वारा इतका कोरडा होता की सुदर्शनच्या ओठातून रक्त आलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी पद्मजाला दूध उतरलं. ब्लाऊज भिजला तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन उभी राहिली, बाहेरच येईना. मी माझी सुती साडी फाडून तिच्या छातीला पट्टा बांधला. "घट्ट होतंय, आई," ती म्हणाली. मी म्हणाले, "घट्टच पाहिजे." चार दिवस ती हात आखडून झोपली. मी तिला रोज तेल लावलं, शेक दिला, पेज दिली. बाळाविषयी अवाक्षर काढलं नाही. तिनंही काढलं नाही. मी स्वतःशी म्हणत होते, सावरतेय पोरगी.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती एकटीच डॉक्टरकडं दाखवायला गेली होती. सुदर्शन कामावर होता. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून तिच्या कपाटात ठेवत होते. सगळ्यात खालच्या कप्प्यात तिच्या ओढणीत गुंडाळलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं लागलं. मला वाटलं, दागिने असतील. उघडलं तर वर एक टोपी होती, माझ्या मुठीत मावेल एवढी. टोपीखाली पालथा ठेवलेला एक फोटो. त्याच्या पाठीवर पद्मजाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'रेवा. दुपारी एक वाजून वीस मिनिटं.' खाली तारीख. मी उतरले त्या दिवसाची.

रेवा कोण, असा विचार माझ्या मनात खरंच आला. मग कळलं. मी तिथंच फरशीवर बसले.

एक वाजून वीस मिनिटांनी मी कारंज्यापाशी सुदर्शनच्या तोंडापुढं दशमी धरून उभी होते.

मी फोटो उलटा केला नाही. टोपी होती तशी ठेवली, खोकं ओढणीत गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पद्मजा आली. बूट काढायला वाकली होती तेव्हाच मी विचारलं, "पद्मू, तिचं नाव ठेवलं होतंस?"

ती वाकलेलीच राहिली. मग सावकाश उभी राहिली.

"कपाट उघडलंस?"

"कपडे ठेवत होते. फोटो बघितला नाही. मागचं वाचलं फक्त. तू तर म्हणालीस, बघितलं नाही."

"मग काय सांगणार होते तुला?" ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "साडेनऊ तास होती माझ्याजवळ. इथल्या सिस्टरनं तिला अंघोळ घालायला लावली मला. माझ्या हातांनी. त्यांचा गार पाळणा असतो, त्यात ठेवायची, पुन्हा मांडीवर घ्यायची. टोपी मीच घातली. मी तिला बोलले खूप. तुझ्याबद्दल पण सांगितलं." तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. "नखं वाढली होती, आई, तिची. कापायला आली होती."

मी म्हणाले, "मग मला का नाही आणलं? मी तर इथंच होते. इथं, ह्याच गावात होते मी."

"मीच सांगितलं सुदर्शनला. तीन वाजता तिला नेणार होते. तोपर्यंत आईला इकडं आणू नको, कुठंही फिरव."

"का गं?"

"तू तिला गुंडाळून नेलं असतंस."



"मी सहावीत होते," पद्मजा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होत नव्हतं. "आपल्या क्वार्टरच्या खिडकीत अभ्यासाला बसले होते. एक बाई भिंतीला धरून धरून दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत चालत आलेली. एकदाच दाखवा म्हणत होती. दुसरं काहीच म्हणत नव्हती, एकदाच दाखवा. आणि तू आतून दार लावून घेतलंस."

ती बाई मला आठवेना. आठवायला गेले तर पंधरा-वीस जणी आठवल्या, त्यांतली ती कोणती ते कळेना.

"तुझं मी तसं केलं असतं का, पद्मू? माझ्या स्वतःच्या..."

"खरं सांग, आई. नेलं असतंस की नाही?"

त्या दिवशी दवाखान्यात पोचताच मी काय केलं असतं ते मला लख्ख दिसत होतं. खोलीत शिरले असते, तिची मांडी बघितली असती, आणि एक शब्द न बोलता हात पुढं केले असते. तिनं दिलंही असतं. लहानपणापासून माझं ऐकत आलेली मुलगी.

"नेलं असतं," मी म्हणाले.

तिनं मान डोलवली. खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात तिचा चेहरा पाच आठवड्यांत किती उतरलाय ते मी पहिल्यांदा नीट बघितलं.

"आणि सुदर्शन?" मी विचारलं. "तो तर दिवसभर माझ्याबरोबर..."

"आठ वाजेपर्यंत घेऊन बसला होता. मग तुला आणायला गेला. मी फोटो पाठवत होते त्याला."

मी तोंडावर पदर घेतला. त्या पोराला त्याच्या लेकीचे साडेनऊ तास मिळायचे होते, त्यांतले सात त्यानं मला पिरॅमिड आणि मनोरे दाखवण्यात घालवले होते. शेवटी बोळात तो पाळण्यापाशी थांबला, आणि मी त्याच्या पुढं निघून गेले होते. माझी नात माझ्या हाताच्या अंतरावरून गेली होती.

बऱ्याच वेळानं पदर बाजूला केला. पद्मजा तशीच बसली होती.

"मला दाखवशील?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. ती परत आली तेव्हा खोकं तिच्या कडेवर होतं. टेबलावर ठेवून तिनं ओढणीची गाठ सोडली. मी हात पुढं केला.

"थांब," ती म्हणाली. "आधी हात धुऊन ये."

मी उठले. नळापाशी जाऊन स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.